निळा नवसू, पिवळा नवसू

चंदर सुरोशेला नोकरी वडिलांकडून मिळाली. खुर्ची मिळाली, खुर्चीवरची बसून चपटी झालेली उशी मिळाली, आणि गेटवरचे कामगार वडिलांना ज्या नावाने हाक मारत तेही थोडं बदलून मिळालं. वडील ‘टायमतात्या’, म्हणून हा ‘टायमभाऊ’.

बदलापूरच्या औद्योगिक वसाहतीत कापडाचे रंग बनवणारी एक कंपनी होती. कुळगावात तिला नुसतं ‘रंगाची कंपनी’ म्हणत. शंकरराव सुरोशे तिथे एकोणीस वर्षं टाइमकीपर होते. १९९४ साली साखरेने त्यांचे डोळे गेले. आधी मस्टरमधले आकडे दिसेनासे झाले, मग माणसं. कंपनीत एक जुना नियम होता, युनियनने कधीकाळी संप करून मिळवलेला. पटावरचा कामगार मेला किंवा कामाला निकामी झाला, तर घरातल्या एकाला कामावर घ्यायचं. बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला दोनदा नापास झालेला चंदर या नियमाने आत आला. अर्ज नाही, मुलाखत नाही. तो शंकररावांचा मुलगा होता, एवढं पुरलं. मात्र पत्रावर ‘तात्पुरता’ असा शिक्का होता. कायम केल्याचं पत्र पुढे मिळणार होतं.

पहिल्या दिवशी शंकररावांनी त्याच्या हातात हिरव्या कापडी पुठ्ठ्याची एक वही ठेवली. ही कंपनीची नव्हे, त्यांची स्वतःची होती.

“मस्टरमध्ये नाव असतं,” ते म्हणाले. “हिच्यात माणूस आहे. पटावरचा एकेक.”

रंगाच्या कंपनीत माणूस ज्या खात्यात काम करी त्या खात्याचा रंग त्याला लागे. नखांत, कानामागे, पायांच्या भेगांत. दगडाने घासला तरी जात नसे. उन्हाळ्यात घामही रंगीत येई. शंकररावांनी वहीत प्रत्येक नावापुढे खातं, तिकीट नंबर आणि एखादी खूण लिहून ठेवली होती: भुवईवर व्रण, बोलताना अडखळतो, डावखुरा. दोन नावांपुढे मात्र त्यांनी अंगठेही घेतले होते. ती नावं अशी:

नवसू कान्हा निरगुडा, बोराचा पाडा.
नवसू कान्हा निरगुडा, बोराचा पाडा.

बोराचा पाडा बारवी धरणाच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. वस्ती ठाकरांची. तिथे मूल जन्मलं की सुईण पाण्यात तांदळाचे दोन दाणे सोडी आणि मेलेल्या माणसांची नावं घेत राही. ज्या नावाला दाणे एकमेकांना चिकटत, तो माणूस परत आला असं धरत. एका वर्षी नवसू नावाचा एक म्हातारा मेला आणि दोन घरांत परत आला. दोन्ही घरांतल्या बापांचं नाव कान्हा. पाड्याला यात काही वावगं वाटलं नाही. म्हातारा तसा अंगाने भरदार होता, दोघांना पुरला असेल, असं लोक म्हणत.

पुढे कंपनीने त्यांना पटावर घेताना वयाचा दाखला मागितला. ग्रामसेवकाने पाड्यावर बसून एका दुपारी चाळीस दाखले लिहिले. जन्मतारीख कोणालाच ठाऊक नव्हती, म्हणून सगळ्यांना एक जून. साल तोंडाकडे बघून. दोघे नवसू रांगेत एकामागे एक उभे होते. दोघांना १९५६ मिळालं.

एक निळ्या खात्यात लागला, एक पिवळ्या. शंकररावांनी दोघांना खिडकीशी बोलावलं आणि वहीवर अंगठे टेकवायला सांगितलं. शाईची गरज पडली नाही. घामानेच काम झालं. एक ठसा पिवळा उमटला, त्याच्या खालचा निळा. तेव्हापासून कंपनीत ते पिवळा नवसू आणि निळा नवसू झाले.

चंदरने ती वही पहिल्या दिवशी चाळली आणि घरी नेऊन पत्र्याच्या पेटीत ठेवली.

१९९६ च्या दिवाळीनंतर कंपनीत कॉम्प्युटर आला. पर्सोनेल मॅनेजर मोहितेसाहेबांनी चंदरला बोलावून सांगितलं, “सुरोशे, तू शिकून घे. फी कंपनी भरेल. सहा महिन्यांत सगळे मस्टर या डब्यात गेले पाहिजेत.”

शिकवणी उल्हासनगरला होती, कॅम्प नंबर तीनमध्ये, जीन्स शिवणाऱ्या एका कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. मोटवानीसर शिकवायचे. खाली चाळीस शिलाई मशिनं चालू झाली की वर खडूची पूड आपोआप खाली झडे. सरांचं मराठी शेजारपाजारून गोळा केलेलं होतं, त्यात हिंदी सढळ हाताने मिसळलेलं. उदाहरणं मात्र सगळी खालच्या मजल्यावरची.

“क्लास म्हणजे काय? फर्मा,” ते पुठ्ठ्याचा कापणीचा नमुना वर धरून म्हणायचे. “फर्म्यावरून जी पँट कापली ती ऑब्जेक्ट. फर्मा एक, पँटी हजार. आता मला सहा खिशांची पँट पाहिजे. नवीन फर्मा काढू? क्यूं भाई? जुना फर्मा बाप आहे. त्याच्यावर नवा फर्मा, तो पोरगा. बापाकडे जे आहे ते पोराला आपोआप. लिहायचं नाय. पोराने आपलं जास्तीचं तेवढं लिहायचं.”

वर्गातली बाकीची पोरं वहीत चौकटी काढत बसली. चंदरला हे एका झटक्यात कळलं. तो स्वतः असाच कामाला लागला होता.

त्याने कंपनीसाठी दोन क्लास लिहिले. पहिला ‘माणूस’: नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख. त्यावरून दुसरा ‘कामगार’: माणसाचं सगळं घेऊन वर तिकीट नंबर आणि खातं. शिवाय ‘माणूस’मध्ये त्याने एक तपासणी लिहिली. दोन ऑब्जेक्ट समोरासमोर आले की पाचही गोष्टी जुळतात का ते बघायचं. जुळल्या तर दोघं समान, म्हणजे एकच माणूस दोनदा आला. दुसरा टाकून द्यायचा. ही तपासणीही वारशाने ‘कामगार’कडे आली.

मोटवानीसरांनी कागद वाचला आणि उठून खाली गेले. येताना दोन पँटी घेऊन आले. टेबलावर शेजारी शेजारी अंथरल्या.

“बोल. एक आहे का दोन?”

“दोन, सर.”

“सेम आहे का?”

“सेम आहे.”

“पक्का?” सरांनी एक पँट उलटी केली. आतून गुडघ्याशी इस्त्रीचा जळका डाग होता. “लेबल बघशील तर सेम. उलटी करून बघशील तर नाय. तू तपासणी बापाच्या घरात लिहिली. बापाला तिकीट नंबर माहीतच नाय. पोरगा तीच तपासणी वापरणार. पोराला स्वतःची दे.”

“नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, जन्मतारीख,” चंदर बोटांवर मोजत म्हणाला. “पाच पाच गोष्टी दोघांच्या सारख्या कशा असतील, सर?”

“उल्हासनगरमध्ये बसून विचारतो? हर चीजचा डुप्लिकेट मिळतो इथे.” सर हसले. “लिहून टाक बेटा. चार ओळी आहेत.”

“नंतर लिहितो,” चंदर म्हणाला.

१९९७ च्या जून महिन्यात त्याने अकरा दिवस बसून सगळ्या खात्यांचे मस्टर टाइप केले. मशीन मधूनच अडे आणि सांगे की ही नोंद आधीच आहे. खातं बदललेल्या कामगारांची नावं दोन मस्टरमध्ये राहून गेली होती. चंदर पुढचं नाव घेई. शेवटी मशीनने बारा नावं गाळली. त्यातली अकरा खरंच दुबार होती.

मोहितेसाहेबांनी मुंबईच्या हेड ऑफिसला कळवलं की पटावर बारा खोटी नावं होती, ती आपण शोधून काढली. वरून शाबासकी आली. मोहितेसाहेबांनी पेढे आणले आणि चंदरच्या पाठीवर हात ठेवला. जुने मस्टर टेम्पोत घालून उल्हासनगरच्या रद्दीवाल्याकडे गेले. गेटपासवर चंदरची सही होती.

पगाराच्या दिवशी खिडकीशी निळा नवसू आला.

“भाऊ, माजा पाकीट.”

चंदरने यादी पाहिली. “घेतलंस की. अंगठा आहे.”

“तो पिवल्याचा. मी निला.”

मागची रांग हसली. कोणीतरी ओरडलं, “अरे निळ्या, कॉम्प्युटर बोलतो तू पैदाच नाय झाला!”

“बायकोला इचार घरी जाऊन, आहेस का नाहीस!”

नवसूही हसला. मग त्याने खिडकीच्या गजातून हात आत घातला आणि बोटं पसरली. पाचही नखं निळी. “ह्यो बघ ना,” तो म्हणाला.

मशीन अडलं होतं ते नाव चंदरला आत्ता आठवलं. त्याने त्या दिवसापुरतं हातपावतीवर पाकीट दिलं आणि संध्याकाळी उल्हासनगर गाठलं.

“पोराने बापाचा चष्मा लावला,” मोटवानीसर म्हणाले. “त्या चष्म्यातून तिकीट नंबर दिसतच नाय.” त्यांनी जीन्सच्या लेबलाच्या पुठ्ठ्यावर चार ओळी लिहून दिल्या. कामगाराची तपासणी कामगाराने करायची. तिकीट नंबर वेगळा तर माणूस वेगळा. “ये डाल दे. फिर उस बेचारे को पैदा कर.”

दुसऱ्या दिवशी चंदर तो पुठ्ठा घेऊन मोहितेसाहेबांकडे गेला. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे बाराची अकरा झाली.”

“हो, साहेब.”

“मी वर बारा सांगितलीत. आता अकरा सांगू? उद्या म्हणतील, बाकीची अकरा पण परत बघा. परवा म्हणतील, मोहित्यांनाच बघा.” ते थांबले. “त्याला पाकीट मिळालं ना?”

“हातपावतीवर.”

“मग झालं. ठेकेदाराच्या यादीत घाल त्याला. काम तेच, पाकीट तेच. त्याला काय फरक पडतो?”

“पण तो पटावर नऊ वर्षं...”

“सुरोशे,” साहेबांनी टेबलावरच्या फायलींच्या गठ्ठ्यावर बोट टेकवलं, “तुझं कायमचं पत्र यात आहे. वरून तिसरं.”

चंदरने पुठ्ठा खिशात घातला.

निळ्या नवसूला खरंच फरक पडला नाही. तो रोज येई, टाकी ढवळी, महिन्याला ठेकेदाराच्या कागदावर अंगठा देई. खिडकीवरून जाताना तो चंदरला विचारी, “काय टायमभाऊ, झालो का मी पैदा?” चंदर म्हणे, “होशील, होशील.” हा विनोद दहा महिने चालला.

१९९८ च्या एप्रिलमध्ये निळ्या खात्यातली मोठी टाकी साफ करायला काढली. नवसू शिडीने आत उतरला. तळाशी वाफ साचली होती. वर उभ्या असलेल्यांनी दोनदा हाक मारली आणि तिसऱ्यांदा दोरी ओढली. बाहेर काढला तेव्हा तो केसांपासून टाचांपर्यंत निळा होता. पोस्टमार्टमनंतर पाड्यावर बायकांनी त्याला चार हंडे पाण्याने न्हाऊ घातलं. चौथ्या हंड्याचं पाणीही निळं वाहिलं.

संध्याकाळी चंदरने घरी सांगितलं, “तात्या, नवसू गेला.”

ओट्यावर बसलेल्या शंकररावांनी मान वळवली. “निळा का पिवळा?”

“निळा.”

“अरेरे.” ते पाय जवळ ओढून बसले. मग म्हणाले, “त्याची बायको आवडी. काटक बाई आहे. तिला पॅकिंगमध्ये लावून घ्या. नियमच आहे आपला. तू लागलास तसाच.”

चंदर हं म्हणाला.

बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी आवडी गेटवर आली. चाळिशीच्या आतली, बारीक, काळीसावळी. तिने पैसे मागितले नाहीत. ती म्हणाली, “माजा नवरा पटावर होता. मला कामाला लावा.” तेवढंच म्हणत राहिली. शेवटी तिला मोहितेसाहेबांच्या खोलीत नेलं. चंदर यादी घेऊन उभा होता.

“बाई, आमच्या पटावर नवसू कान्हा निरगुडा एकच आहे,” साहेब म्हणाले. “आणि तो आज ड्युटीवर आहे. बोलवा रे त्याला.”

पिवळा नवसू आला. आत येताना त्याने चपला बाहेर काढल्या. फरशीवर त्याच्या पायांचे पिवळे ठसे उमटले.

“नाव सांग.”

“नवसू कान्हा निरगुडा.”

“गाव?”

“बोराचा पाडा.”

“जन्मतारीख?”

“एक जून.” मग जरा आठवून, “छप्पन.”

“मेलायस का तू?”

दारात जमलेल्यांपैकी दोघे-तिघे फिसकन हसले. नवसूने खाली बघितलं. “नाय, साहेब.”

“ऐकलंत बाई?”

“ह्यो माजा दीर लागतो, साहेब,” आवडी म्हणाली. “माजा घरवाला निला.”

“कागदाला रंग नसतो.”

“तू सांग ना रं,” आवडी पिवळ्या नवसूकडे वळली. “दोघं एका वाटंनं कामाला जायचाव का नाय? एका फडक्यात भाकरी बांधून दिल्या मी तुमाला.”

नवसूने तोंड उघडलं. मोहितेसाहेब म्हणाले, “नवसू, तुझं नाव मी विचारलं. दुसऱ्याचं तू कशाला सांगतोस? तुझंच नाव पक्कं राहू दे.”

त्याने तोंड मिटलं. बाहेर जाऊन त्याने चपला हातातच घेतल्या आणि पिवळ्या खात्याकडे पळाल्यासारखा गेला.

युनियनच्या लोकांनी आवडीला सांगितलं की एक कागद आण, भांडू. कुठलाही, ज्यावर पटावरचे दोन नवसू दिसतील. वयाचा दाखला तिच्याकडे होता, पण दुसऱ्या नवसूकडेही अक्षरन् अक्षर तसाच होता. मस्टर रद्दीत गेले होते. गेल्या दहा महिन्यांच्या पावत्या ठेकेदाराच्या, त्याआधीच्या घरात कोणी जपल्या नव्हत्या. मग निळ्या खात्यातल्या कोणीतरी तिला सांगितलं, टायमतात्याने वही ठेवली होती. तिच्यात अंगठे आहेत.

एका रविवारी सकाळी ती पाड्यावरून चालत कुळगावला आली. चंदर अंगणात सायकल धूत होता. ती त्याच्याशी न बोलता सरळ ओट्याखाली जाऊन बसली.

“तात्या, मी आवडी. निल्याची.”

“ये बाई.” शंकररावांनी हात जोडले. “लागलीस का कामाला?”

तिने सगळं सांगितलं. शंकरराव ऐकत गेले तसे ताठ होत गेले. एकदा ते म्हणाले, “एकच? एकच कसा?” आणि शेवटी हसले. गेल्या चार वर्षांत ते असे हसल्याचं चंदरला आठवत नव्हतं.

“काळजी करू नको. एकोणीस वर्षं उगीच नाही घासली तिथे. चंदर! पेटीतली हिरवी वही काढ. न च्या पानावर बघ. एकाखाली एक आहेत दोघं.”

चंदरने हात पुसले. आत जाऊन पेटी उघडली. वही बाहेर आणून तो ओट्याच्या पायरीवर बसला आणि त्याने पान काढलं.

एकाखाली एक होते दोघं. पिवळा, तिकीट ४१, उंच, बोलताना अडखळतो. निळा, तिकीट २०७, डाव्या भुवईवर व्रण. शेजारी दोन अंगठे. दहा वर्षांच्या दमटपणाने ते पसरले होते. रेषा राहिल्या नव्हत्या, रंग राहिले होते.

शुक्रवारी मोहितेसाहेबांनी त्याला फाइल दाखवली होती. गठ्ठ्यात ती आता सगळ्यात वर होती.

“वाच,” शंकरराव म्हणाले.

चार वर्षं चंदर त्यांना पेपर वाचून दाखवत होता, पत्रं वाचून दाखवत होता, साखरेचा रिपोर्ट वाचून दाखवत होता. तो म्हणेल तेच त्यांनी पाहिलं होतं. आवडीला अक्षर येत नव्हतं.

“नवसू कान्हा निरगुडा,” चंदरने वाचलं. “पिवळा. तिकीट एक्केचाळीस. उंच. बोलताना अडखळतो.”

“हां. पुढे.”

“पुढे नथू बाळा भोपी. पॅकिंग.”

शंकररावांचा चेहरा तसाच राहिला, ऐकण्याच्या बेतात. “नाही रे. मधलं राहिलं. नवसूच्या खाली नवसू.”

“नाही, तात्या. एकच आहे.”

“अंगठे बघ. दोन असतील.”

“एक आहे. पिवळा.”

आवडी उठून जवळ आली. तिने वाकून पान बघितलं आणि बोट टेकवलं, नेमकं टेकवलं. “ह्यो निला काय हाय, भाऊ?”

“शाई सांडलीय.”

“शाई?” शंकरराव म्हणाले. “माझ्या वहीवर?”

“डाग आहे, तात्या. सांडली असेल तेव्हा.”

शंकररावांनी हात पुढे केला. चंदरने वही दिली. त्यांनी पानावरून तळवा फिरवला, एकदा, दोनदा, बोटांची टोकं अक्षरांवर दाबून. बॉलपेनने लिहिलेलं असतं तर कदाचित काही लागलं असतं. ते टाकाने लिहायचे.

“मी दोन घेतले होते असं वाटत होतं मला,” ते म्हणाले.

“तो ठेकेदाराकडचाच असेल आधीपासून,” चंदर म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीचा होता. “म्हणून तुम्ही लिहिला नसेल. वहीत तुम्ही पटावरचेच लिहायचात ना?”

“हो,” शंकरराव हळूहळू म्हणाले. “वहीत पटावरचेच.”

“मग.”

शंकररावांनी वही मिटली. “आवडे, माझ्याकडनं चुकलं असेल बाई. डोळे जाण्याच्या आधीपासूनच डोकं गेलं होतं वाटतं माझं. मला माफ कर.”

“तुमी काय करणार, तात्या,” आवडी म्हणाली. मोहितेसाहेबांवर तिने विश्वास ठेवला नव्हता, मशीनवर ठेवला नव्हता. तात्यांवर ठेवला. तिने पदर सावरला, वहीकडे एकदा बघितलं आणि आली तशी चालत निघाली. ती पुन्हा गेटवर आली नाही.

चंदरला कायमचं पत्र मे महिन्याच्या चार तारखेला मिळालं. कुळगावात पेढे वाटले.

त्या दिवाळीत कंपनीने नवी माणसं घेतली. त्यांत पाड्यांवरचे बरेच होते, सगळ्यांचे वाढदिवस एक जूनला. चंदरने पाकिटातून जीन्सचा पुठ्ठा काढला आणि चार ओळी मशीनमध्ये घातल्या. मोहितेसाहेबांची बदली झाली होती, विचारायला कोणी नव्हतं. ओळी बरोबर चालतात का हे बघायला कोणतं तरी नाव टाकावं लागणार होतं, पाचही गोष्टी जुळणारं. त्याच्या डोक्यात एकच आलं. नवसू कान्हा निरगुडा, बोराचा पाडा, १ जून १९५६, तिकीट २०७, निळा. मशीन अडलं नाही. पट एकाने वाढला. चंदरने तो आकडा पाहिला, चाचणी झाली असं ऑफिसच्या रजिस्टरात लिहिलं आणि नोंद पुसली.

पुठ्ठा परत करायचा म्हणून तो एकदा उल्हासनगरला गेला होता. मोटवानीसरांच्या इमारतीमागे जीन्स धुण्याचा कारखाना निघाला होता. हौदाभोवती बायका उकिडव्या बसून नव्या पँटी चोळत होत्या, कोपरांपर्यंत निळ्या. त्यांतली एक आवडी होती. तिने त्याला ओळखलं आणि हात वर केला, जसा ओळखीच्या माणसाला करतात.

“तात्या बरं हाय का?” तिने विचारलं.

“बरे आहेत,” चंदर म्हणाला आणि जिना चढला.

तात्या बरे नव्हते. त्या रविवारनंतर त्यांना एक चाळा लागला होता. आपण आणखी किती माणसं विसरलो हे त्यांना बघायचं असे. जेवणं झाली की ते म्हणत, “चंदर, वही वाच.” चंदर पहिल्या पानापासून वाची, अनंता बुधा फराड, काळा, तिकीट सतरा, कानात बाळी, आणि शंकरराव त्याच्या मागोमाग म्हणत. न च्या पानावर पहिले काही महिने ते थांबायचे. चंदरही मग थांबायचा, आणि पुढचं नाव घ्यायचा.

वर्षभरात सगळी वही त्यांना पाठ झाली. आता वाचून दाखवायची गरज उरली नाही. भिंतीला टेकून ते आपणच म्हणत, एकेक नाव, खातं, तिकीट, खूण. चंदरने समोर बसून पानावर बोट ठेवायचं आणि चुकलं तर सांगायचं, असा त्यांचा आग्रह होता.

“नवसू कान्हा निरगुडा, पिवळा, एक्केचाळीस, उंच, अडखळतो. नथू बाळा भोपी, पॅकिंग, एकशे बारा,” शंकरराव न थांबता म्हणाले. “बरोबर?”

चंदरचं बोट निळ्या डागावर होतं.

“बरोबर,” तो म्हणाला.